रायपूरच्या वाटेवरची बिऱ्हाडे

भिलाईच्या कॅम्प-१ मधून पॉवर हाउसकडे निघाले की जी. ई. रोड लागतो. ट्रक, बस आणि ऑटोंनी दिवसरात्र भरलेला हा रस्ता म्हणजे जुना ग्रेट ईस्टर्न रोड. नागपूर, भंडारा, राजनांदगाव, दुर्ग आणि मग रायपूर. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा भारत-सोव्हिएत करार १९५५ च्या फेब्रुवारीत झाला. त्याआधी इथे धानाच्या शेतांमधली खेडी होती. कॅम्प नव्हते, सेक्टरही नव्हते. मराठी माणसाला ही वाट परकी नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता नागपुराहून छत्तीसगढात पोचली, बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरला बसून कारभार केला, आणि १८६१ मध्ये इंग्रजांनी मध्य प्रांत घडवला तेव्हाही रायपूरची राजधानी नागपूरच राहिली. कारकून, वकील, शिक्षक अशी कितीतरी मराठी बिऱ्हाडे पूर्वेकडे गेली आणि तिथलीच झाली.

१८६८ पासून या मुलखात आणखी एका प्रकारची बिऱ्हाडे येऊ लागली. ती समुद्रापलीकडून आलेल्या मिशनऱ्यांची होती. त्यांच्या धर्मप्रसाराविषयी बाजूने आणि विरोधात पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या चुलीविषयी, विहिरीविषयी, मुलांच्या तापाविषयी फारसे कोणी बोलत नाही. पण त्यांचे आणि त्यांच्या भोवतालच्या माणसांचे पुढे काय झाले, ते बऱ्याच अंशी याच गोष्टींनी ठरवले.

यातले पहिले मोठे नाव ऑस्कर लोर यांचे. १८२४ मध्ये सायलेशियात जन्मलेला हा जर्मन माणूस औषधोपचाराचे थोडे शिक्षण घेऊन बर्लिनच्या गॉसनर मिशनतर्फे १८५० मध्ये रांचीला आला होता. १८५७ चा उठाव छोटा नागपुरात पोचला तेव्हा रांचीच्या मिशनरी कुटुंबांना कलकत्त्याकडे पळावे लागले. लोर तिथून अमेरिकेत गेले आणि न्यू जर्सीत जर्मन मंडळीचे पाळक झाले. पुढे अमेरिकेतल्या जर्मन लोकांनी स्वतःची मिशनरी संस्था काढली तेव्हा तिने हिंदुस्थानात पाठवायला याच माणसाची निवड केली. त्याला इथली भाषा येत होती आणि इथला उन्हाळाही त्याने सोसलेला होता.

१८६८ च्या मे महिन्यात लोर बायको-मुलांसह मुंबईला उतरले. सुएझ कालवा उघडायला अजून दीड वर्ष होते. मुंबईहून नागपूरपर्यंत आगगाडी धावू लागून मात्र वर्ष उलटले होते, त्यामुळे अर्धा हिंदुस्थान त्यांना रुळांवरून ओलांडता आला. पुढे जायचे कुठे, ते नागपुरात ठरले. तिथे स्कॉटिश फ्री चर्चचे मिशन होते. त्याचा पाया घालणारे स्टीफन हिस्लॉप १८४५ पासून नागपुरात राहिले, मराठी शिकले, गोंडांच्या कथा टिपून घेतल्या, दगड आणि जीवाश्म गोळा केले. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची जुनी दगडी वर्तुळे पाहून रात्री घोड्यावरून परतताना ते पुराच्या नाल्यात बुडाले. नागपूरच्या मिशनऱ्यांना हा मुलूख किती घेतो हे ठाऊक होते. त्यांच्यापैकी कूपर यांनी लोरना सांगितले की रायपूरच्या बाजूला सतनामी नावाचा मोठा समाज आहे, तो मूर्ती मानत नाही, एकाच निराकार सत्याचे नाव घेतो, तिकडे जा.

नागपूरपुढे रूळ नव्हते. भंडारा, राजनांदगाव, दुर्ग करत रायपुरापर्यंतचे पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर बैलगाडीनेच काटायचे. पावसाळ्यात नदी उतरेपर्यंत काठावर मुक्काम ठोकावा लागे, कारण मोठ्या नद्यांवर पूल नव्हते. ज्या मुलांनी न्यू जर्सीत दगडी रस्ते आणि आगगाड्या पाहिल्या होत्या, त्यांना नवा देश पहिल्यांदा कळला तो या गाडीच्या वेगाने.

रायपूरचे अधिकारी कर्नल बाल्मेन यांच्या मदतीने लोरनी सिमगा-भाटापारा भागात १,५४४ एकर पडीक, झुडपी जमीन विकत घेतली आणि तिथे बिश्रामपूर हे गाव वसवले. आल्याबरोबर त्यांची परीक्षा झाली. त्या वर्षी पावसाने दगा दिला आणि १८६८-६९ मध्ये मध्य प्रांतात टंचाई पडली. घर बांधायचे, विहीर खणायची, जमीन मोडायची आणि शेजारी उपाशी. अशा वेळी आलेला परका कामही देतो आणि औषधही देतो, म्हणून त्याच्या दारात गर्दी होणारच. लोरना ती गर्दी श्रद्धेची वाटली असावी. भंडार गावी सतनाम्यांच्या गुरूंनी त्यांचे आदराने स्वागत केले, तेव्हा तर सगळा समाजच आपल्याकडे येईल अशी त्यांची खात्री झाली. तसे घडले नाही. सतनामी जानवे घालत. ख्रिस्ती होणाऱ्याने ते उतरवावे असा आग्रह धरला गेला आणि लोक मागे सरले. बाप्तिस्मा घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले.

हे असे का झाले याचे उत्तर शोधताना घराकडे पाहिले पाहिजे. सतनामी पंथाचे संस्थापक गुरू घासीदास यांनी आपल्या अनुयायांना मांस, दारू, तंबाखू वर्ज्य केले होते. लाल रंगाच्या काही भाज्या आणि मसुराची डाळसुद्धा. गाय नांगराला जुंपायची नाही असाही दंडक होता. आपले खाणे शुद्ध आहे या जाणिवेवर त्या समाजाने आपला स्वाभिमान उभा केला होता, कारण वरच्या जाती त्याला अस्पृश्य म्हणून हिणवत होत्या, न्हावी-धोबी त्याचे काम करत नसत. त्यांच्या शेजारी येऊन राहिलेल्या युरोपीय घरात मांस शिजत होते. देव एकच आहे हे दोघांनाही मान्य होते, पण ताटात काय असावे यावर एकमत नव्हते, आणि खेड्यात माणसाची ओळख ताटावरूनच होते. गोऱ्या साहेबाला या गोष्टींची झळ फारशी लागली नाही. त्याच्यामागे सरकार होते. झळ लागली ती ख्रिस्ती झालेल्या पहिल्या कुटुंबांना. त्यांचे सोयरे तुटले, पंगत तुटली.

आणि मग हळूहळू एक विलक्षण गोष्ट घडली. मिशनरी गावाचा मालगुजार झाला. मध्य प्रांतात इंग्रजांनी मालगुजारीची पद्धत पक्की केली होती: गावाचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी ज्याच्यावर, गाव त्याच्या मालकीचे. छत्तीसगढात अशा माणसाला गौंटिया म्हणत. तो बियाणे देई, अडचणीत धान उसने देई, भांडणे मिटवी, लग्नाला मदत करी आणि त्याबद्दल राबवूनही घेई. बिश्रामपुरात ही सगळी कामे लोर साहेबांच्या बंगल्यावर आली. दवाखाना तिथे, शाळा तिथे, सारा तिथे, न्यायही तिथे. पुढच्या काळात गावाने कसे वागावे याचे नियमही मिशनने घातले: रविवारी शेतात काम नाही, दारू नाही, लग्नाबाहेरचे संबंध नाहीत. धर्म शिकवायला आलेल्या कुटुंबाला लोकांनी आपल्या ओळखीच्या साच्यात बसवले. ते ‘मायबाप’ झाले. त्या कुटुंबानेही तो साचा स्वीकारला, कारण त्यावाचून तिथे घर चालवणे शक्य नव्हते. मिशनरी इथे रुजला असे म्हणायचे असेल, तर तो गौंटियाच्या रूपाने रुजला.

लोर मोठ्या वयापर्यंत छत्तीसगढातच राहिले. मुलगा जूलियस त्याच मिशनमध्ये काम करू लागला. वडिलांना रांचीची हिंदी येत होती. मुलगा छत्तीसगढीच्या वातावरणातच मोठा झाला. मिशनऱ्याला मुनशी जी भाषा शिकवी ती पुस्तकी हिंदी असे, आणि दवाखान्याच्या ओसरीवर तापलेले मूल घेऊन बसलेली बाई बोले ती छत्तीसगढी. या बोलीचे पहिले व्याकरण मिशनऱ्याने लिहिले असेल असे अनेकांना वाटते. ते लिहिले धमतरीचे हेडमास्तर हिरालाल काव्योपाध्याय यांनी, १८८५ मध्ये. ग्रियर्सननी १८९० मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. या भागात येणाऱ्या प्रत्येक परक्या कुटुंबाची दुभाषी शेवटी इथलीच माणसे होती: मुनशी, आया, गाडीवान, आचारी. अहवालांत त्यांची नावे क्वचितच येतात, आणि हे या इतिहासातले सर्वांत मोठे भगदाड आहे.

दरम्यान रूळ पुढे सरकले. नागपूरहून राजनांदगावापर्यंत गाडी आली, मग बंगाल-नागपूर रेल्वेने ती रायपूर-बिलासपूरपुढे नेली आणि १८९१ मध्ये नागपूरहून आसनसोलपर्यंतचा मार्ग पुरा झाला. बैलगाडीचे आठवडे आता काही तासांवर आले. याच मार्गावर, नागपूर आणि राजनांदगावच्या दरम्यान, मराठी साहित्याच्या दृष्टीने एक मोठी भेट झाली. नारायण वामन टिळक राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी निघाले होते. डब्यात भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्याशी कवितेवर आणि धर्मावर गप्पा मारल्या आणि नवा करार हाती दिला. तो प्रवासी म्हणजे अमेरिकन फ्री मेथडिस्ट मिशनरी अर्नेस्ट वॉर्ड, असे मानले जाते. वॉर्ड आणि त्यांची पत्नी फीबी १८८१ पासून बऱ्हाणपूर आणि वऱ्हाडच्या भागात संसार मांडून होते. टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

त्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला जे आले, ते परदेशी मिशनरी बाईच्या अनुभवाशी ताडून पाहण्यासारखे आहे. देश तोच होता, नवराही तोच होता, आणि तरी घर परके झाले होते. बऱ्याच वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नवऱ्याकडे परतल्या तेव्हा त्यांनी आपला स्वयंपाक वेगळा ठेवला, पाण्याची शिवाशिव सांभाळली, आणि मग एकेक बंधन स्वतः विचार करून सोडले. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी हे इतक्या मोकळेपणाने लिहिले आहे की ‘रुळणे’ म्हणजे नेमके काय, हे त्या काळच्या कुठल्याही मिशनच्या अहवालापेक्षा तिथे अधिक कळते. मिशनरी बायकांनी घरी पाठवलेल्या पत्रांचे वाचक देणगीदार असत. लक्ष्मीबाईंना कोणाकडे वर्गणी मागायची नव्हती.

छत्तीसगढात दुसरे मोठे बिऱ्हाड आले ते दुष्काळाबरोबर. १८९६-९७ च्या दुष्काळात अमेरिकेतल्या मेनोनाइट शेतकऱ्यांनी धान्य आणि पैसा गोळा केला, आणि जॉर्ज लॅम्बर्ट नावाचा त्यांचा माणूस मदत वाटायला हिंदुस्थानात आला. त्याने परत जाऊन जे सांगितले त्यातून कायमचे मिशन काढायचे ठरले. १८९९ च्या मार्चमध्ये जेकब रेसलर, डॉक्टर विल्यम पेज आणि त्यांची पत्नी अ‍ॅलिस मुंबईला उतरले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात धमतरीला पोचले. मेनोनाइट म्हणजे साधा पोशाख घालणारे, शस्त्र न उचलणारे, मुख्यतः शेतीवर जगणारे लोक. गहू, मका, दुभती जनावरे आणि घोडे यांच्या सवयीचे. ते आले भाताच्या मुलखात, आणि तेही भात न पिकलेल्या वर्षी.

१८९९-१९०० चा तो दुष्काळ. विक्रम संवत १९५६ म्हणून लोक त्याला छप्पनचा अकाल म्हणतात. महाराष्ट्रात तोच छप्पन्याचा दुष्काळ. नवख्या कुटुंबाला भाषा शिकायला वेळ मिळाला नाही. दुष्काळी कामे आणि अन्नछत्र चालवण्याची जबाबदारी सरकारने त्यांच्यावर टाकली. उपाशी माणसांच्या हातून विटा पडल्या, भिंती उभ्या राहिल्या, आणि मिशनच्या पहिल्या इमारती अशा मजुरीतून झाल्या. मागोमाग पटकी आली. आईबाप गेलेली मुले दारात आली आणि अनाथालय सुरू करावे लागले. १९०० मध्येच ‘क्विटो’ नावाचे जहाज अमेरिकेतून मका भरून मुंबईला आले. देशभरच्या मिशनांतून तो मका वाटला गेला. छत्तीसगढात मका परसदारी होतो, कणीस भाजून खातात. रोजच्या ताटात लागतो तो भात, आणि उरलेल्या भातावर पाणी घालून सकाळची बासी.

डॉक्टर पेज यांची प्रकृती वर्षभरातच ढासळली आणि ते पतिपत्नी परत गेले. त्यांच्या जागी दुसरी जोडपी आली: जेकब आणि मेरी बर्कहार्ड, महलॉन आणि सारा लॅप, मग जॉर्ज आणि एस्थर लॅप. रेसलर यांनी इथेच लीना झूक यांच्याशी लग्न केले. १९०६ मध्ये जेकब बर्कहार्ड धमतरीत वारले. एस्थर लॅप १९१७ मध्ये गेल्या.

या मरणांकडे पाहताना काळ लक्षात घ्यावा लागतो. लोर कुटुंब आले तेव्हा हिवताप कशाने येतो हे जगात कोणालाच माहीत नव्हते. दोष दूषित हवेवर जाई, म्हणून लोक खिडक्या लावून घेत. कोखने पटकीचा जंतू ओळखला तो १८८३-८४ मध्ये, त्यातले काम कलकत्त्याच्या तलावांवर झाले. रॉसने डास आणि हिवताप यांचा संबंध सिकंदराबादला दाखवला तो १८९७ मध्ये, म्हणजे धमतरीचे बिऱ्हाड येण्याच्या दोनच वर्षे आधी. छत्तीसगढ हा तलावांचा प्रदेश. गावोगाव तलाव, त्यावरच अंघोळ, धुणे, गुरे आणि पिणे. पाणी उकळून पिणे आणि मच्छरदाणी या दोन गोष्टींनी परक्यांना जितके वाचवले तितके कशानेच वाचवले नसेल. बंगल्याचे जोते उंच, भिंती जाड, व्हरांडा चारी बाजूंनी, उन्हाळ्यात दाराला वाळ्याची ताटी आणि तिच्यावर पाणी मारायला एक माणूस. वाळवीपुढे मात्र कोणाचेच चाले ना. पेट्या, पुस्तके, छताचे वासे तिने सारखीच खाल्ली.

बायकांचे काम या सगळ्याच्या मुळाशी होते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेच्या याद्यांत मिशनऱ्याच्या पत्नीची नोंद ‘साहाय्यक मिशनरी’ अशी होई. ही प्रथा मुंबईच्या पहिल्या अमेरिकन कुटुंबांपासूनची. त्या तुकडीतली हॅरिएट न्यूएल तर मुंबई पाहूच शकली नाही. १८१२ मध्ये मॉरिशसला, बाळंतपणानंतर, एकोणिसाव्या वर्षी ती वारली. त्याच तुकडीतल्या गॉर्डन हॉल यांची पत्नी मार्गारेट १८२५ मध्ये दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली, त्यातला एक मुलगा समुद्रावरच गेला. पुढच्या वर्षी स्वतः हॉल त्र्यंबकच्या परिसरात पटकीने गेले. धमतरीच्या बायकांनी असे काही वाचलेले असावे आणि तरी त्या आल्या. अनाथ मुलींचे जेवण, कपडे, शिवण, अक्षरओळख, आजारपण त्यांच्यावरच असे. पुरुषांचे दौरे अहवालात आले. धान्य निवडणे आले नाही.

सर्वांत जड किंमत मुलांच्या रूपाने द्यावी लागे. सहा-सात वर्षांचे झाले की मूल डोंगरावरच्या शाळेत जाई. मसुरीजवळच्या लँढोरची वूडस्टॉक शाळा १८५४ पासून चालत होती. धमतरीच्या मिशनमधली मुले तिथे जात. शाळेचे वर्ष उन्हाळा-पावसाळ्याचे, सुटी हिवाळ्याची, म्हणजे मूल घरी येई ते वर्षातून दोन-तीन महिने. छत्तीसगढी बोलत वाढलेले पोर डोंगरावर इंग्रजीत शिके आणि मोठेपणी अमेरिकेत परके ठरे. काही परत आले. मुंबईतल्या अमेरिकन मिशनरी घरात १८४७ मध्ये जन्मलेले रॉबर्ट ह्यूम सात वर्षांचे असताना त्यांचे वडील समुद्रप्रवासात वारले. आईने मुलांना अमेरिकेत नेऊन वाढवले, आणि १८७४ मध्ये रॉबर्ट अहमदनगरला आले ते पुढे आयुष्यभराच्या कामासाठी. टिळकांना नगरला आधार मिळाला तो याच ह्यूमसाहेबांचा. जन्मभूमी कोणती, या प्रश्नाचे अशा माणसाने दिलेले उत्तर आपण मान्य केले पाहिजे.

धमतरीतही मिशनने बिश्रामपूरचाच मार्ग धरला. १९०६ मध्ये बालोदगहन हे गाव विकत घेतले गेले आणि शेतकरी मेनोनाइट मालगुजार झाले. १९१० मध्ये दवाखाना सुरू झाला; तो आज धमतरी ख्रिश्चन हॉस्पिटल म्हणून भागाला माहीत आहे. ज्यांच्या देशात जमिनीचा मालक स्वतः नांगर धरतो, त्यांना कुळांकडून सारा गोळा करणे सहज जमले असेल असे वाटत नाही. पण या व्यवस्थेत शिरल्यावर तिच्या रीतीने चालावेच लागले, आणि मिशनवर अवलंबून राहण्याची सवय दोन पिढ्यांना लागली. ही त्या मिशनांची खरी चूक होती, आणि ती द्वेषातून झाली नव्हती; घर चालवण्याच्या निकडीतून झाली होती. मिशनचे समर्थक दवाखाना दाखवतात, विरोधक धर्मांतर दाखवतात. सारावसुलीच्या वहीकडे दोघांचेही लक्ष जात नाही.

स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशात मालगुजारी कायद्याने संपली आणि मिशनच्या हातून गावे गेली. १९५२ मध्ये धमतरीचे अमेरिकन मिशन भारतीय मेनोनाइट मंडळीत विलीन झाले. नागपूर हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या समितीने मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करून १९५६ मध्ये कडक अहवाल दिला, आणि परदेशी कुटुंबांचे दिवस मोजकेच राहिले हे स्पष्ट झाले. त्याच सुमारास भिलाईत रशियन तज्ज्ञांची कुटुंबे उतरू लागली. त्यांच्यासाठी घरे, वीज, नळ, डॉक्टर यांची सोय आधीच होत होती आणि काही वर्षांत परत जायचे हे पक्के होते. सारा वसूल करायचा नव्हता, न्याय द्यायचा नव्हता. १९५९ च्या ४ फेब्रुवारीला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले, तेव्हा कॅम्पमध्ये आंध्र, बिहार, ओडिशा, केरळ आणि विदर्भातून आलेली कामगारांची बिऱ्हाडे आपापल्या चुली मांडून बसली होती.

१९७० च्या २९ नोव्हेंबरला नागपुरात उत्तर भारतातल्या अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले, आणि लोर यांच्या मिशनमधून उभी राहिलेली छत्तीसगढची मंडळी त्यात सामील झाली. तोवर तिथले पाळक, शिक्षक, परिचारिका बहुतेक इथलेच होते. बंगल्यांच्या ओसरीवर तापलेली मुले घेऊन बसणाऱ्या आणि दुष्काळात विटा पाडणाऱ्या माणसांची ती नातवंडे-पतवंडे होती. मिशनऱ्यांची घराणी अमेरिकेत आपली पत्रे जपून ठेवतात. या घरांची आठवण अजून तोंडी आहे, आणि ती लिहून घेण्याचे काम रायपूर, धमतरी, भिलाईतल्या कोणीतरी हाती घ्यायला हवे.